पाचव्या प्रकरणातली ताई

छापखान्यात तिला तोंडावर सगळे बाई म्हणायचे आणि पाठीमागे गाळणीबाई. ती मुद्रितं तपासायची आणि एखादा जादा ठिपकासुद्धा तिच्या नजरेतून निसटत नसे, म्हणून गाळणी. नाव चिडवण्यासाठी पडलं होतं, पण तिला ते मनातून आवडायचं. दोषावरून नाव पडलं तर माणसाला खरा राग येतो आणि गुणावरून पडलं तर तो खोटा राग आणतो. गाळणीबाईनं खोटा राग बरीच वर्षं नीट आणला.

आता ती अडुसष्ट वर्षांची होती. नोकरी सुटून दहा वर्षं झाली होती, खोड सुटली नव्हती. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा ती हातात पेन्सिल घेऊन वाचायची. लेक लग्न होऊन लांब राहायची आणि आठवड्याला एक पत्र लिहायची. त्या पत्रातल्या चुकांवरही ती आधी बारीक खुणा करायची आणि मग डोळे पुसायची.

एका सकाळी जुन्या मालकांची मुलगी तिच्याकडे आली. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि छापखाना आता मुलगीच बघायची. छपाईचे शिशाचे खिळे गेले, शाईचे डबे गेले, कॉम्प्युटर आले. मुलीनं पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. बाबांच्या वेळच्या एकाच लेखकाच्या सहा रहस्यकादंबऱ्या पुन्हा काढायच्या ठरवल्यात, तपासायला दुसरं कोण आहे, असं म्हणून तिनं तो गठ्ठा मावशीच्या मांडीवरच ठेवला. मावशी म्हणजे गाळणीबाई.

बाईनं सवयीनं मोजलं. पाचच कादंबऱ्या होत्या.

मुलगी म्हणाली की सहावी लेखकांनीच खोडली. बाकीच्या खुशाल छापा म्हणाले, पण ती नको. ती माझी फसलेली आहे, मी गेल्यावर काय ते करा. मुलीला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. लेखक म्हणजे लहरी, म्हातारे लेखक म्हणजे विचारूच नका, असं तिचं साधं मत होतं. कोणती कादंबरी ते गाळणीबाईनं विचारलं नाही. तिला ते ठाऊक होतं. गेली चौतीस वर्षं ती कादंबरी तिच्या घशात अडकून बसली होती.

त्या लेखकाला तोंडावर सगळे अण्णा म्हणायचे, पण छापखान्यात त्याचंही एक नाव होतं. चकवा. महिन्याला एक रहस्यकादंबरी लिहायचा आणि वाचकाला भलत्याच वाटेनं नेऊन सोडायचा, म्हणून चकवा. अंगानं काटकुळा, शर्टाच्या खिशात दोन पेनं, त्यातलं एक चालणारं आणि दुसरं त्याच्या सोबतीला. खांद्याच्या पिशवीत हस्तलिखित. त्याला बघून कोणालाही वाटलं असतं की हा विमा उतरवायला आलाय. पण तो दारात दिसला की छापखान्यातली माणसं खुलायची.

त्याला कारणही तसंच होतं. हस्तलिखित आलं की थोरले जुळारी, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांतले सगळ्यात जुने, त्याची पानं पत्त्यांसारखी वाटून टाकायचे. प्रत्येकाला दोन-दोन, तीन-तीन. त्यामुळे एकाच्या वाट्याला खून यायचा आणि दुसऱ्याच्या वाट्याला नुसतं हवामान. पूर्ण गोष्ट कोणालाच मिळायची नाही. मग चहाच्या सुट्टीत सगळे स्टुलांवर गोल बसायचे आणि आपापल्या वाट्याची गोष्ट मध्ये टाकायचे.

“माझ्याकडे माळी आहे, पण तो काही बोलतच नाही,” एकजण तक्रार करायचा.

“बोलेल कसा? माझ्या पानावर तो मेलाय,” दुसरा सांगायचा.

अशी ती कादंबरी दोनदा जुळायची, एकदा खिळ्यांनी आणि एकदा जिभेनं. चकवा शेवटचं प्रकरण कधी आधी देत नसे. प्रत्येकानं खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं, चकवा सगळ्या चिठ्ठ्या निर्विकार चेहऱ्यानं वाचणार आणि मगच पिशवीतून शेवटची पानं बाहेर येणार, असा रिवाज पडून गेला होता. मालक सुरुवातीला कुरकुरले. मग एका महिन्यात त्यांनी स्वतःच हळूच एक चिठ्ठी आत सरकवली आणि कुरकुर थांबली. त्यांचा अंदाज मात्र दरवेळी नोकरावर जायचा. मालकच ते.

गाळणीबाईला ते दिवस आठवले की आधी वास आठवायचा. शाईचा, घासलेटचा आणि ओल्या प्रुफांचा. नवरा गेल्यावर लहान लेकीला घेऊन ती त्या वासात शिरली आणि चार महिन्यांत तिला तो घरासारखा वाटू लागला. कोपऱ्यात खिडकीजवळ तिचं टेबल होतं. लाल शाईची दौत, पट्टी आणि एक प्रश्नचिन्हांची पेन्सिल. नियम असा होता की शंका असेल तर समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढायचं आणि लेखकाला विचारायचं. खात्री असेल तरच लाल शाई.

चकवा येऊन तिच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसायचा. इतर लेखक तपासनीसाला टाळतात, हा मुद्दाम बसायचा. सगळ्यात सावकाश वाचणारा माणूस बघायला मिळतो कुठे, असं त्याचं म्हणणं. ती वाचत असायची आणि तो आपल्या धंद्यातल्या खुब्या सांगत बसायचा. खूण लपवायची नसते बाई, तिला कामाला लावायचं असतं, तो म्हणायचा. रिकामी उभी राहिली की ती डोळ्यांत भरते. महत्त्वाचा शब्द वाक्याच्या शेवटी ठेवायचा नाही, तिथे वाचक श्वास घेतो. तो भांडणात टाकायचा, नाहीतर विनोदाच्या आधी, म्हणजे वाचकाचं लक्ष पुढे धावतं आणि शब्द मागे राहतो. रडणाऱ्या बाईपेक्षा रागावलेल्या बाईच्या तोंडून खरं जास्त बाहेर पडतं. ‘दार बंद होतं’ आणि ‘दार लावलेलं होतं’ यात एक माणूस उभा आहे, तो दिसला पाहिजे. गाळणीबाई हसायची. एवढं सगळं फुकट शिकवणारा मास्तर तिला आयुष्यात भेटला नव्हता.

एक गोष्ट मात्र तो गंभीरपणे सांगायचा.

“वाचकाला चकवायचं, पण त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. शेवट वाचून त्यानं मागचं पान उलटलं, तर तो शब्द तिथे सापडलाच पाहिजे. नाही सापडला तर मी लेखक नव्हे, भामटा.”

तिच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कादंबरीत सातव्या प्रकरणात मेलेला माणूस नवव्यात चहा पिताना तिनं पकडला. चकवा स्वतः आला, सगळ्यांसमोर त्यानं तिला हात जोडले आणि म्हणाला की या बाईंनी माझी अब्रू वाचवली. छापखाना हसला. ती मान खाली घालून बसली, पण तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खरं सांगायचं तर पुढचं सगळं त्या मूठभर मांसानं केलं.

पुढच्याच महिन्यात बाईसाहेबांची कादंबरी आली. तिला नाव दुसरं होतं, पण छापखान्यात तिला तेच म्हणायचे. टेकडीवरच्या घरात एक श्रीमंत एकटी बाई जिन्यावरून पडून मरते. घरात पुतण्या आहे, डॉक्टर आहे, माळी आहे आणि अकरा वर्षं चाकरी करणारी एक कारभारीण आहे. ती मालकिणीला सदा बाईसाहेब म्हणते. बाईसाहेबांचा चहा, बाईसाहेबांची शाल. पाचव्या प्रकरणात ही कारभारीण माळ्याला झापते. कुंड्या कोरड्या, झाडू अंगणात पडलेला, आणि त्या भरात म्हणते, “ताईला ऊन सोसत नाही, खुर्ची आत घ्या म्हणून किती वेळा सांगायचं?”

गाळणीबाई तिथे थांबली. तिनं हस्तलिखित काढून बघितलं. तिथेही ताईच होतं, चांगलं ठसठशीत. जुळाऱ्याची चूक नव्हती. म्हणजे लेखकाचीच. महिन्याला एक कादंबरी लिहायची तर असं व्हायचंच. मागच्या महिन्यात मेलेला माणूस चहा प्यायला होता, या महिन्यात मालकिणीची ताई झाली. तिचा हात पेन्सिलीकडे गेला आणि परत फिरला. शंका कसली, खात्रीच होती. तिनं लाल शाईनं ‘ताईला’ काढलं आणि समासात सुबक अक्षरात ‘बाईसाहेबांना’ लिहिलं. आणि स्वतःवर खूश झाली.

दहा दिवसांनी चिठ्ठ्यांचा सोहळा झाला आणि शेवटचं प्रकरण आलं. त्याचं प्रूफ तिच्या टेबलावर आलं तेव्हा दुपार होती. कथेतला रहस्य उलगडणारा निवृत्त शाळामास्तर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो आणि कारभारणीला सांगतो की तुम्ही बाईसाहेबांच्या नोकर नाही, सख्ख्या धाकट्या बहीण आहात, वडिलांच्या इस्टेटीतून हाकललेल्या. अकरा वर्षं तुम्ही सगळं सांभाळलंत. पण त्या दुपारी माळ्याला खुर्ची आत घ्यायला सांगताना तुम्ही त्यांना एकदाच ताई म्हणालात.

गाळणीबाईच्या तोंडचं पाणी पळालं. अख्ख्या कादंबरीत खुन्यापर्यंत नेणारी ती एकच वाट होती आणि तिनं ती आपल्या हातानं बुजवली होती. ती उठून मशीनपाशी गेली. पाचव्या प्रकरणाचा फर्मा, म्हणजे एकदम छापायची सोळा पानं, केव्हाच छापून झाला होता. तेव्हा खिळे कमी असायचे. एक फर्मा छापला की खिळे सुटे करून पुढच्याला वापरायचे. ‘बाईसाहेबांना’चे ते खिळे आता दुसऱ्याच कुठल्या तरी वाक्यात जाऊन बसले होते. दोन हजार कागद घड्या घालून भिंतीशी रचलेले होते.

अजूनही मार्ग होता. मालकांना सांगायचं, एक छोटं शुद्धिपत्र छापायचं आणि पुस्तकात घालायचं. पण त्याच आठवड्यात मालकांनी एका जुन्या मशिनमनला उलटा फर्मा छापला म्हणून घरी बसवलं होतं. तिची लेक सहा वर्षांची होती. ती टेबलाशी परत आली आणि तिनं शेवटचं प्रकरण तपासलं. त्यात एकही चूक नव्हती.

पुस्तक बाहेर गेलं आणि महिन्याभरात पत्रं यायला लागली. आधी गमतीची, मग चिडलेली. पानं उलटून उलटून बोटं झिजली, ताई काही सापडली नाही, असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं पाचवं प्रकरण हातानं उतरवून काढलं आणि खाली विचारलं की यात दाखवा. तिसऱ्यानं एकच ओळ लिहिली होती. आमचा तुमच्यावर विश्वास होता.

चकवा ती पत्रं घेऊन छापखान्यात आला. त्यानं कोणावर आवाज चढवला नाही. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला की मी ताई लिहिलं होतं असं मला आठवतंय, पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. पाचव्या प्रकरणाचं हस्तलिखित बघायला मिळेल का?

ते हस्तलिखित त्या क्षणी तिच्या खणात होतं.

“ते कागद रद्दीत गेले, अण्णा,” ती म्हणाली.

तो म्हणाला की म्हणजे मीच विसरलो. डोक्यात लिहिलं आणि हातानं भलतंच लिहिलं. त्या संध्याकाळी तिनं ते एक पान घरी नेलं आणि बाकीची पानं खरोखर रद्दीत टाकली. बोललेलं खोटं तेवढ्यापुरतं खरं केलं.

त्यानंतर त्यानं दोनच कादंबऱ्या लिहिल्या. हातावरचा विश्वास उडाला होता. वाचकाला खूण सापडणार नाही या धास्तीनं तो ती तीन-तीनदा सांगायला लागला. खुनी तिसऱ्या पानावर हातमोजे घालून आला आणि सहाव्या पानावर त्यानं ते जाळले. जुळाऱ्यांच्या चिठ्ठ्या सगळ्या बरोबर आल्या. पहिल्यांदाच. कोणी टाळी वाजवली नाही. मग तो यायचा बंद झाला. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात सूचना लिहायच्या नोकरीला लागला असं कळलं. ‘दुरुस्तीच्या कामामुळे उद्या पाणी उशिरा येईल.’ त्यात रहस्य काहीच नव्हतं, आणि पाणी येतही नव्हतं. छापखान्यात त्यानंतर पावत्या, फॉर्म आणि लग्नाच्या पत्रिका राहिल्या. चहाच्या सुट्टीत स्टुलं गोल मांडली जाईनात, कारण पत्रिकेत कोणाचं लग्न कोणाशी हे पहिल्याच ओळीत असतं.

मालकांची मुलगी गेल्यावर गाळणीबाई तो गठ्ठा मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. सहावी कादंबरी छापली जाणार असती तर काम सोपं होतं. गुपचूप बाईसाहेब काढून ताई बसवायची. कोणाला कळलं असतं? असा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. पण सहावी नव्हतीच. तो माणूस एकोणऐंशी वर्षांचा होता आणि आपण भामटा ठरलो हे मनाशी धरूनच एक दिवस जाणार होता. हे थांबवू शकणारं जगात एकच माणूस होतं. आणि सांगितलं तर ज्या एका माणसानं तिला सगळ्यांसमोर हात जोडले होते, तो तिचं तोंड बघणार नव्हता. तिला त्याचीच भीती वाटत होती. दोन दिवस तिनं घर आवरलं. आवरण्यासारखं काही राहिलं नाही तेव्हा कपाटातून ते पान काढलं.

चकवा दुसऱ्या मजल्यावर मुलगा-सुनेसोबत राहायचा. दार सुनेनं उघडलं. छापखान्यातल्या बाई म्हटल्यावर ती मनापासून हसली, बाबा बघा कोण आलंय म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. तो खिडकीजवळ बसला होता. अजून तसाच काटकुळा होता. खिशात मात्र एकच पेन होतं.

गाळणीबाईनं तब्येत विचारली. मग गुडघे विचारले. मग नव्या आवृत्तीचा कागद कसा असेल यावर बोलली. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं आणि ज्याच्यापुढे चाललं होतं त्याची हयात तशी माणसं लिहिण्यात गेली होती.

“बाई, तुम्ही तीनदा चष्मा पुसलात. काय झालंय?” त्यानं विचारलं.

तिनं पिशवीतून पान काढून त्याच्यापुढे ठेवलं. कागद पिवळा पडला होता, शाई शाबूत होती. त्यानं भिंग घेतलं. वरून खाली, ओळीवरून ओळीवर ते सरकत राहिलं आणि एका जागी थांबलं. सून पाणी ठेवून गेली तरी भिंग हललं नाही.

“हे माझं अक्षर आहे,” तो म्हणाला.

मग तिनं सगळं सांगितलं. लाल शाई, फर्मा, खण, रद्दी. काही गाळलं नाही. मध्ये एकदा तिचा आवाज फुटला, पण तिनं तो सावरला, कारण रडून सुटका करून घेण्याचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं. तो खिडकीबाहेर बघत ऐकत होता. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं.

“त्या दिवशी तुम्ही ‘ते कागद’ म्हणालात,” नजर न वळवता तो म्हणाला. “एरवी तुम्ही हस्तलिखित म्हणायचात. दुसरं कोणी कागद म्हटलं तर त्यालाही रागावायचात. तो शब्द माझ्या कानाला लागला होता. जिना उतरतानासुद्धा लागत होता.”

“मग विचारलं का नाहीत?”

“तुमच्यावर संशय घ्यायचं मनातच आलं नाही.”

याहून चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तो उठला, भिंतीला हात धरत दारापर्यंत गेला आणि परत आला. आता त्याचा आवाज चढला होता. चौतीस वर्षं, बाई. चौतीस वर्षं मी माझ्याच हाताकडे चोरासारखं बघितलं. दुकानाची यादी लिहिली तरी दोनदा वाचायचो. रात्रंदिवस डोक्यात गोष्टी यायच्या आणि मी त्यांना हाकलायचो, की तुला लिहिता येत नाही. का सांगितलं नाहीत?

“आधी नोकरीची भीती होती,” ती म्हणाली. “नंतर तुमची.”

तो खुर्चीत बसला, पान घडी न घालता वहीत ठेवलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला की ती कादंबरी छापा. ताई आपल्या जागी बसवा. आणि सुरुवातीला खुलासा येऊ द्या. काय झालं ते तुम्ही लिहायचं, तुमच्या नावानं. आता जा.

ती गेली. जिना उतरताना गुडघे दुखत होते आणि तिला ते बरं वाटत होतं.

खुलासा लिहायला तिला पाच दिवस लागले. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सरळ केलेल्या बाईला स्वतःचं एक वाक्य उभं करता येईना. पहिल्या मसुद्यात लेकीचं वय आलं होतं, ते तिनं काढलं. दुसऱ्यात मशिनमनला काढून टाकल्याचं आलं होतं, तेही काढलं. ती कारणं खरी होती, पण खुलाशात गेली की सबबी व्हायची. तिसऱ्या मसुद्यात चारच ओळी उरल्या. ‘या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीत पाचव्या प्रकरणातला एक महत्त्वाचा शब्द लेखकाला न विचारता मी बदलला. ही माझ्या हातून झालेली अक्षम्य चूक होती. लेखकाने वाचकांशी कोणतीही लबाडी केलेली नव्हती. या आवृत्तीत तो शब्द मूळ जागी परत आला आहे.’ आणि खाली मुद्रितशोधक म्हणून तिचं पूर्ण नाव. इतकी पुस्तकं तिच्या हाताखालून गेली होती, पण तिचं नाव कशातच छापलं गेलं नव्हतं. पहिल्यांदा छापलं जाणार होतं ते असं.

कागद घेऊन ती पुन्हा दुसऱ्या मजल्यावर गेली. या वेळी सून हसली नाही, म्हणजे तिला कळलं होतं. बसा म्हणाली आणि कागद आत घेऊन गेली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. गाळणीबाई बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसली. घड्याळात पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. आतून खाकरल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आला. चार ओळी वाचायला इतका वेळ कोणाला लागतो? एकतर तो फाडतोय, नाहीतर स्वतः नवा लिहितोय, आणि त्यात काय काय असेल ते सगळं आपण निमूट छापायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

सून बाहेर आली आणि तिनं कागद तिच्या हातात दिला.

कागद फाटलेला नव्हता. नवीन काही लिहिलेलंही नव्हतं. दुसऱ्या ओळीत ‘अक्षम्य’ या शब्दावर एक सरळ रेघ होती आणि समासात काढून टाकण्याची शेपटीवाली खूण होती, जशी ती स्वतः हजारो वेळा काढत आली होती. हात म्हाताऱ्याचा होता, शेपूट जरा लांबली होती. खाली लिहिलं होतं, ‘बाकी ठीक.’

“विशेषण नको म्हणाले,” सून म्हणाली. “नुसती चूक पुरे आहे म्हणाले.”

गाळणीबाईनं ती ओळ वाचली. ही माझ्या हातून झालेली चूक होती. पुन्हा वाचायला गेली तर अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली आणि ओळ कुठे सुरू होते तेच सापडेना. तिनं चष्मा काढला. चौतीस वर्षांनी तिला मोकळा श्वास आला आणि तो हुंदका होऊनच बाहेर पडला.

सुनेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत बघत विचारलं, “बाबा, बाई निघाल्यात. काही सांगायचंय का?”

“निघाल्यात कुठे?” आतून आवाज आला. “चहा टाक. आणि ते पाचवं प्रकरण तपासायचं राहिलंय, त्यांना आत पाठव.”